शिडी आणि तराफा : मराठी बौद्ध लेखनातील अनासक्ती व मार्गाच्या चार अवस्था

प्रस्तावना

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात महाराष्ट्रातील बुद्धविहारांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. पनवेलपासून कळंबोली, कामोठे, खारघरपर्यंतच्या वसाहतींनाही ही प्रथा परिचित आहे. या वाचनाला बसणाऱ्या श्रोत्यांपैकी काहीजण कधीतरी इगतपुरीला जाऊन दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करतात. तेथून परतल्यावर त्यांच्या बोलण्यात 'स्रोतापन्न', 'अनागामी', 'अनासक्त भावाने पाहणे' असे शब्द येऊ लागतात. साहजिकच एक प्रश्न निर्माण होतो. विहारात वर्षानुवर्षे वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात या अवस्थांचे स्थान काय?

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर बुद्धिवाद्यांचे. आंबेडकरांनी परलोक आणि पुनर्जन्माशी जोडलेला भाग बाजूला सारला, त्याबरोबर या पायऱ्याही गेल्या आणि ते योग्यच झाले, असे ते म्हणतात. दुसरे उत्तर साधनामार्गीयांचे. आंबेडकरांनी धम्माला सामाजिक नीतीपुरते मर्यादित केले, त्यामुळे त्यात साधनेचा क्रमच उरला नाही, अशी त्यांची तक्रार असते. दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली तरी ग्रंथात पायऱ्या नाहीत हे गृहीतक दोघांनाही मान्य आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे. त्यासाठी धर्मानंद कोसंबी यांच्या मराठी लेखनाशी तुलना आवश्यक ठरते, कारण या पायऱ्यांची मांडणी मराठीत कोसंबींनी आधीच केलेली होती.

'अनासक्ती' या शब्दाची अडचण

पाली सुत्तांत ज्या वृत्तीचा वारंवार उपदेश आहे ती मराठीत 'अनासक्ती' या शब्दाने सांगण्याची रूढी आहे. हा शब्द मराठी वाचकाकडे गीतेच्या वाटेने आला. १९१५ मध्ये टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले आणि १९३० मध्ये गांधीजींचा 'अनासक्तियोग'. त्यामुळे अनासक्ती म्हटले की कर्म करावे आणि फळाची आसक्ती सोडावी, हाच अर्थ मराठी मनात प्रथम उमटतो. या अर्थात कर्ता शाबूत असतो. त्याने सोडावयाचे ते केवळ फळ.

बौद्ध विचारात प्रश्न फळापुरता नाही. तेथे 'उपादान' म्हणजे पकडून ठेवणे, आणि त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : कामाचे, दृष्टीचे, शीलव्रताचे आणि आत्मवादाचे. म्हणजे विषयभोगाइतकेच मतालाही चिकटता येते. व्रताला चिकटता येते आणि 'मी' या कल्पनेलाही. मज्झिम निकायातील चूळतण्हासंखय सुत्तात कोणताही 'धम्म' अभिनिवेशाला योग्य नाही असे सांगितले आहे, तेव्हा तेथील 'धम्म' या शब्दाचा अर्थ उपदेश किंवा संप्रदाय असा नाही. अनुभवास येणारी प्रत्येक गोष्ट, मग ती संवेदना असो, विचार असो वा ध्यानातील सुख असो, तेथे धम्म आहे. मराठीत 'धर्म' हा शब्द या अनेकवचनी अर्थाने वापरात नाही. त्यामुळे अनुवादकाला प्रत्येक वेळी 'वस्तुजात', 'पदार्थ', 'संस्कार' यांपैकी एखाद्या शब्दाचा आधार घ्यावा लागतो आणि वाक्याची धार बोथट होते.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. 'अभिनिवेश' हा शब्द मराठीत जिवंत आहे आणि तो जवळजवळ योग्य अर्थानेच जिवंत आहे. एखादा वक्ता अभिनिवेशाने बोलतो असे म्हणताना मराठी माणूस त्याच्या मताला चिकटण्याच्या वृत्तीवरच बोट ठेवतो. बौद्ध लेखनाने या शब्दाचा अधिक उपयोग करून घ्यावयास हवा होता.

कोसंबींची मांडणी

धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांचा जन्म गोव्यातील साखवाळ येथे झाला. सिलोनमधील विद्योदय परिवेणात त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि ब्रह्मदेशातही काही काळ घालविला. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाने त्यांचे नाव हार्वर्ड विद्यापीठाशी जोडले गेले. १९४०-४१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथातील 'श्रावकसंघ' या प्रकरणात त्यांनी निर्वाणमार्गावरील चार अवस्था अगदी थोडक्या जागेत सांगितल्या आहेत. सत्कायदृष्टी, विचिकित्सा आणि शीलव्रतपरामर्श ही तीन संयोजने, म्हणजे बंधने, तुटली की श्रावक स्रोतापन्न होतो. त्यानंतर राग, द्वेष आणि मोह क्षीण झाले की तो सकृदागामी. कामराग आणि प्रतिघ पूर्णपणे नष्ट झाले की अनागामी. रूपराग, अरूपराग, मान, औद्धत्य आणि अविद्या ही उरलेली पाच बंधने गेली की अर्हत.

या मांडणीचे स्थान अर्थपूर्ण आहे. कोसंबी ही शिडी बोधीच्या वर्णनात ठेवीत नाहीत. ती ते संघाच्या वर्णनात ठेवतात. त्यामुळे ती एका समुदायाच्या अंतर्गत व्यवस्थेचा भाग म्हणून वाचकासमोर येते. शीलव्रतपरामर्श हा पारिभाषिक शब्दही ते स्नान, व्रत, उपवास यांनी मुक्ती मिळते या विश्वासाशी जोडून सांगतात. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

त्याच ग्रंथातील एका प्रकरणाला कोसंबींनी 'कर्मयोग' असे नाव दिले आहे. 'गीतारहस्या'नंतर पंचवीस वर्षांनी मराठीत हे शीर्षक निर्हेतुकपणे येणे शक्य नाही. बुद्ध अक्रियावादी होता हा आक्षेप खोडण्यासाठी कोसंबी प्रतिपक्षाचाच शब्द हाती घेतात. 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' (१९३५) या ग्रंथात त्यांनी गीतेवर कठोर टीका केली होती, हे ध्यानात घेतले तर या निवडीमागील रोख स्पष्ट होतो. तथापि या निवडीची किंमतही होती. 'कर्मयोग' या शब्दाबरोबर अनासक्त कर्त्याची गीताप्रणीत प्रतिमा वाचकाच्या मनात येतेच, आणि सत्कायदृष्टी तुटणे म्हणजे काय, हा पहिल्या पायरीवरचा पहिला प्रश्न मागे पडतो. कोसंबींची शिडी अचूक आहे, परंतु त्यांच्या 'कर्मयोगा'कडून तिच्याकडे जाणारी वाट मराठी वाचकाला सहज सापडत नाही.

आंबेडकरांच्या ग्रंथातील पायऱ्या

१९५७ मध्ये, आंबेडकरांच्या निधनानंतर, मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. ग्रंथाच्या प्रास्ताविकात आंबेडकरांनी जे प्रश्न उपस्थित केले आहेत त्यांतील एक भिक्खूविषयी आहे. भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू परिपूर्ण मनुष्य घडविण्याचा होता की समाजसेवक घडविण्याचा, असे ते विचारतात. केवळ परिपूर्ण असलेला भिक्खू धम्मप्रसाराच्या उपयोगाचा नाही, कारण परिपूर्ण असूनही तो स्वार्थी ठरतो, असे त्यांचे मत आहे. अर्हत हे चार अवस्थांचे शिखर आहे. शिखराविषयीच अशी शंका असेल तर त्याकडे नेणारी शिडी पूर्वीच्या रूपात ठेवता येणार नाही, हे उघड आहे.

पण ती टाकून दिली आहे काय? पहिल्या प्रवचनातील अष्टांगमार्गाच्या विवेचनात आंबेडकर मार्गातील दहा अडथळे सांगतात. आत्मविषयक भ्रम, संशय आणि अनिश्चय, कर्मकांडाच्या सामर्थ्यावरील विसंबणे, शारीरिक वासना, दुसऱ्याविषयीचा दुष्टभाव, भौतिक आणि अभौतिक भावी जीवनाची इच्छा, गर्व, स्वतःच्या सदाचाराचा गर्व आणि अज्ञान अशी ती यादी आहे. कोसंबींच्या ग्रंथातील दहा संयोजनांशी ती पडताळून पाहिली असता क्रमासह तीच दहा बंधने आढळतात. अनुपस्थित आहे ती फक्त विभागणी. तीन तुटली की हा, पाच तुटली की तो, अशी व्यक्तीची प्रतवारी येथे नाही. अडथळे राहिले, दर्जे गेले.

यातील नववा अडथळा विशेष पाहण्यासारखा आहे. पालीतील 'उद्धच्च' म्हणजे चित्ताची अस्वस्थता, विक्षेप. आंबेडकरांच्या यादीत त्याच्या जागी स्वतःच्या सदाचाराचा गर्व येतो. हा अर्थ त्यांचा स्वतःचा नव्हे. ऱ्हीस डेव्हिड्स यांच्या पिढीतील इंग्रजी भाषांतरातून तो आला आहे. पालीच्या दृष्टीने तो सदोष आहे, हे मान्य केले पाहिजे. चित्ताचा विक्षेप ही ध्यानाला बसणाऱ्याची अडचण आहे, तर सदाचाराचा गर्व ही समाजात वावरणाऱ्याची. एका शब्दाच्या भाषांतराने शेवटून दुसरे बंधन आसनावरून उठून चावडीवर आले. ग्रंथाच्या एकूण दिशेशी हा बदल इतका सुसंगत आहे की वाचकाला तो खटकतही नाही. समीक्षेने मात्र त्याची नोंद घ्यावयास हवी होती.

दुसरी गोष्ट अधिक दुर्लक्षित आहे. ग्रंथाच्या पहिल्याच खंडात बोधिसत्त्व बुद्ध कसा होतो हे सांगताना आंबेडकर मुदिता, विमला, प्रभाकरी, अर्चिष्मती, सुदुर्जया, अभिमुखी, दूरंगमा, अचला, साधुमती आणि धर्ममेघा अशा दहा अवस्था देतात. या महायानातील दशभूमी होत. संस्थापकाच्या शुद्धतेची अशी कसोटी अन्य कोणत्याही धर्माने लावली नाही, असा युक्तिवाद ते याला जोडतात आणि अवतारकल्पनेशी त्याचा भेद दाखवितात. आंबेडकरांच्या ग्रंथात पायऱ्या नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ही पाने वाचली नसावीत, किंवा वाचून ती केवळ चरित्राचा अलंकार मानली असावीत. वस्तुतः श्रावकाच्या चार पायऱ्यांच्या जागी बोधिसत्त्वाच्या दहा पायऱ्या आल्या आहेत. पहिल्या शिडीचे मोजमाप स्वतःची बंधने किती तुटली हे आहे. दुसरीत करुणा सुटत नाही, त्यामुळे भिक्खूविषयीच्या शंकेचे उत्तरही तीत अनुस्यूत आहे.

आसक्तीचे सामाजिक विश्लेषण

चार उपादानांचा अंतर्मुख विचार आंबेडकरांच्या ग्रंथात विरळ आहे, हा आक्षेप खरा आहे. त्याऐवजी त्यांनी दुसरे एक सूत्र उचलले. महानिदान सुत्तात तृष्णेपासून शोध, शोधापासून लाभ, लाभापासून निर्णय, पुढे अभिलाषा, आसक्ती, परिग्रह, मत्सर, राखण आणि अखेर दंडशस्त्र व कलह अशी साखळी आहे. तृष्णात्याग म्हणजे धम्म, हे सांगताना आंबेडकर लोभातून उद्भवणाऱ्या या कलहापाशी येतात आणि वर्गसंघर्षाचे हेच यथार्थ विश्लेषण आहे, असा निर्णय देतात.

पनवेल तालुक्यातील वाचकाला ही साखळी उदाहरण देऊन समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १९७० नंतर नव्या शहरासाठी सिडकोमार्फत झालेले भूसंपादन, मोबदला, साडेबारा टक्के योजनेतील भूखंड, त्यांची वाटणी आणि त्यावरून भावाभावांत उभे राहणारे दावे ही लाभ, परिग्रह आणि राखण यांचीच क्रमवारी आहे. परंतु याच भूमीवर दुसरा प्रश्नही उभा राहतो. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. विकसित भूखंडाचे साडेबारा टक्के तत्त्व त्या लढ्यातून आले. जमिनीच्या न्याय्य वाट्यासाठी उभे राहणे ही आसक्ती मानावी काय? गीतेच्या वाटेने आलेल्या 'अनासक्ती'पाशी याचे निःसंदिग्ध उत्तर नाही. ज्याच्या हाती काही नाही त्यालाच ती प्रथम ऐकविली जाते, हा इतिहास आहे.

आंबेडकरांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे, असे ते त्याच विवेचनात बजावतात. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटले नाही, दुःखिताने आपली स्थिती बदलू नये असेही म्हटले नाही. त्याने वीर्य, म्हणजे उद्यम, शिकविला. सोडावयाचे आहे ते मर्यादा नसलेल्या लोभाच्या आहारी जाणे. हक्क मागणे आणि पकडून बसणे यांतील ही भेदरेषा मराठी बौद्ध लेखनात इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच आखलेली आढळते. साधनामार्गीय टीकाकार तिला 'केवळ सामाजिक' म्हणून बाजूस सारतात, तेव्हा ते महानिदान सुत्तालाच बाजूस सारीत असतात.

पायरीचीच आसक्ती

सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) यांनी १९६९ मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. ग्रंथाच्या सामुदायिक वाचनात जे येऊ शकत नाही ते येथे मिळाले, हे नाकारता येत नाही. अंगावर उमटणारी प्रत्येक संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणे, सुखद प्रवाहाचीही लालसा न धरणे, हा 'धम्मां'विषयीच्या अनभिनिवेशाचा प्रत्यक्ष अभ्यास आहे. दुखरा गुडघा आणि ध्यानातील आनंद यांना समान अंतरावर ठेवण्याचे हे शिक्षण शब्दांनी होत नाही.

अडचण शिबिराबाहेर सुरू होते. अवस्थांची नावे कानी पडलेला साधक स्वतःला किंवा आचार्याला एखाद्या पायरीवर उभा करून पाहू लागतो. वास्तविक शिडीच्या रचनेतच याचा प्रतिबंध आहे. 'मान' हे आठवे बंधन आहे आणि ते अर्हत्त्वाखेरीज तुटत नाही. म्हणजे स्रोतापन्नालाच नव्हे, तर अनागामीलाही आपल्या पायरीचा अभिमान होऊ शकतो. विनयातही अप्राप्त अवस्थेचा खोटा दावा करणे पाराजिक आहे, आणि खरी प्राप्ती अनुपसंपन्नाला सांगणे हाही दोषच मानला आहे. दर्जा सांगण्यासाठी नसतो, हे संघाने नियमानेच ठरविले होते. या प्रकाशात पाहिल्यास आंबेडकरांनी अडथळे ठेवून दर्जे गाळणे हे परंपरेपासून वाटते तितके दूर नाही.

अलगद्दूपम सुत्तात तराफ्याचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर वाहून नेऊ नये. धम्मही तसाच सोडावा, मग अधम्माविषयी काय बोलावे, असा त्याचा आशय. हा दृष्टांत उद्धृत करणारे बहुतेकजण एक गोष्ट विसरतात. त्याच सुत्ताच्या अखेरीस अर्हतापासून स्रोतापन्नापर्यंतच्या अवस्थांची गणनाही येते. तराफा सोडा असे सांगणारा उपदेश शिडी मोडीत नाही. ती शेजारीच ठेवतो. तराफ्यापूर्वी तेथे सापाचा दृष्टांत आहे : धम्म चुकीच्या जागी पकडला तर शेपटीकडून धरलेल्या सापासारखा तो उलटून डसतो. मराठीत तराफा लोकप्रिय झाला, साप मागे राहिला.

तिसरे बंधन

संघरक्षित (१९२५-२०१८) यांच्या प्रेरणेने १९७९ मध्ये स्थापन झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने स्रोतापत्तीला आंबेडकरी बौद्धांपुढे पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले. संघरक्षितांनी पहिल्या तीन बंधनांचे आधुनिक अर्थ लावले : सत्कायदृष्टी म्हणजे सवय, विचिकित्सा म्हणजे संदिग्धपणा आणि शीलव्रतपरामर्श म्हणजे वरवरचेपणा. हे अर्थ आकर्षक आहेत, शिबिरात उपयोगीही आहेत. पण तिसऱ्या अर्थाने महाराष्ट्रात काहीतरी हरवते. येथे शीलव्रतपरामर्श हा वरवरचेपणाचा प्रश्न कधीच नव्हता. तो शुद्धीचा प्रश्न होता. पनवेलहून निघणारा गोव्याचा महामार्ग ज्या महाडवरून जातो, तेथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केले आणि त्यानंतर सवर्णांनी पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले. कर्मकांडाच्या सामर्थ्यावरील विसंबणे या आंबेडकरांच्या शब्दप्रयोगामागे हे तळे आहे. स्नान आणि व्रते यांचा उल्लेख करणाऱ्या कोसंबींचा अर्थही त्याच्या अधिक जवळचा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची आणि ब्राह्मणाकडून कोणताही विधी न करविण्याची प्रतिज्ञा आहे. पारिभाषिक दृष्टीने पाहता स्रोतापत्तीच्या दारावरील तिसऱ्या बंधनालाच त्यांनी हात घातला, आणि तोही लाखो गृहस्थांनी एकाच दिवशी. प्रतिज्ञा घेणे म्हणजे बंधन तुटणे नव्हे, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. प्रतिज्ञाही पकडून ठेवता येते. घरातील देव विसर्जित करून तिच्याच नावाने नवा विधी उभा राहू शकतो, आणि मग शीलव्रतपरामर्श वेश पालटून परत येतो. मात्र हा आक्षेप घेण्याचा अधिकार ज्याला त्या जुन्या शुद्धीचा जाच कधी झाला नाही त्याच्यापेक्षा, ज्याने प्रतिज्ञा घेऊन ती तीन पिढ्या पाळली त्याच्याकडे अधिक आहे. तराफा सोडण्याचा उपदेश सुत्तात नदी ओलांडलेल्याला केलेला आहे. महाडच्या तळ्याचे पाणी मिळविण्यासाठी न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो पाहिला त्यांची नातवंडे-पतवंडे आज वर्षावासात त्या दहा अडथळ्यांची यादी ऐकतात.